उभ्या गाडीचे टायरही म्हातारे होतात

- प्रतिनिधी

बोरिवली, अंधेरी, मुलुंड वा घाटकोपर येथील कोणत्याही गृहनिर्माण सोसायटीच्या आवारात फेरी मारली, तर धुळीच्या थराखाली उभ्या असलेल्या दोन-चार गाड्या हमखास दिसतात. रोजचा प्रवास लोकल किंवा मेट्रोने होतो. गाडी बाहेर निघते ती एखाद्या रविवारी आणि मग एकदम गणपतीला किंवा दिवाळीच्या सुट्टीत. तेव्हा आत पाच माणसे, डिकीत ठासून भरलेले सामान आणि पुढे तीन-चारशे किलोमीटरचा रस्ता असतो. 'गाडी फिरलीच कुठे, टायर तर नवेच आहेत,' असे मालक मनापासून सांगतो. मात्र हाच समज धोक्याचा आहे. टायर केवळ किलोमीटरने झिजत नाही, तो वर्षांनीही जुना होतो.

रबर कडक का होते?

ऊन, उष्णता आणि हवेतील ऑक्सिजन व ओझोन यांच्या परिणामाने टायरचे रबर हळूहळू लवचीकपणा गमावते आणि त्यावर बारीक भेगा पडतात. हे लांबवण्यासाठी रबरात मेण व संरक्षक रसायने मिसळलेली असतात. चाक फिरताना टायर दबतो, सैल होतो आणि या हालचालीने ती द्रव्ये पृष्ठभागावर येत राहतात. उभ्या गाडीत ही क्रिया मंदावते. त्यातच दर महिन्याला साधारण एक पीएसआय हवा आपोआप कमी होते आणि एकाच जागी भार राहिल्याने टायर तळाशी चपटा होऊ लागतो.

अमेरिकेसारख्या देशांत बोटी वाहून नेणाऱ्या ट्रेलरच्या मालकांनाही हाच प्रश्न भेडसावतो. ट्रेलर वर्षातील बहुतेक महिने अंगणात उभा असतो आणि सुट्टीत अवजड बोट घेऊन थेट महामार्गावर धावतो. त्याच्या टायरच्या खाचा शाबूत दिसतात, पण रबर आतून थकलेले असते. उपनगरातल्या 'कमी फिरलेल्या' गाडीची स्थिती याहून फारशी वेगळी नाही.

हवा कमी, उष्णता जास्त

हवा कमी असलेल्या टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकते. या वाकण्यातून उष्णता निर्माण होते. वेग, भार आणि वेळ वाढेल तशी ती साचत जाते, आतील थर एकमेकांपासून सुटू लागतात आणि अखेर टायर फुटतो. शहरात रखडत चालणाऱ्या गाडीत हा दोष लपून राहतो, सलग वेगात तो उघड होतो.

२००२ साली पूर्ण झालेल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाने हा वेग मुंबईकरांच्या अंगवळणी पाडला. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत पूर्ण खुला झाल्यावर तो उपनगरांच्या आणखी जवळ आला. तेथे सपाट भागात हलक्या वाहनांना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. या मार्गाचा पहिला टप्पा सुरू झाल्यानंतर २०२३ साली परिवहन विभागाने टायरची तपासणी हाती घेतली आणि झिजलेल्या टायरची वाहने परत पाठवली. १ जुलै २०२३ रोजी सिंदखेडराजाजवळ खासगी बसच्या अपघातात २५ प्रवासी दगावले. टायर फुटल्याचे चालकाने सांगितले होते, मात्र परिवहन कार्यालयाच्या अहवालात तसा पुरावा आढळला नसल्याचे नमूद झाले. प्रत्येक अपघाताचा दोष टायरवर ढकलता येत नाही. पण टायरची काळजी पूर्णपणे आपल्या हाती आहे, हेही तितकेच खरे.

टायरवरचे आकडे

टायरच्या बाजूवर 'डीओटी' या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार अंक असतात. ३५१९ म्हणजे २०१९ सालातील ३५वा आठवडा. हीच टायरची जन्मतारीख. बाहेरून अंक दिसले नाहीत, तर आतल्या बाजूला पाहावे. काही वाहन उत्पादक सहा वर्षांनी टायर बदलण्यास सांगतात. काही टायर कंपन्या पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी आणि दहा वर्षांनंतर वापर बंद, असा सल्ला देतात. न वापरलेली स्टेपनीही याला अपवाद नाही.

मोटारीच्या टायरच्या खाचा किमान १.६ मिलिमीटर खोल असाव्यात, असे केंद्रीय मोटार वाहन नियम सांगतात. खाचांच्या तळाशी असलेले उंचवटे टायरच्या पृष्ठभागाला टेकले, की टायर संपला असे समजावे. भाद्रपदातल्या कोकणच्या पावसात झिजलेला टायर पाणी बाजूला सारू शकत नाही आणि गाडी पाण्यावरून घसरते.

निघण्यापूर्वी

- तपासणी आदल्या रात्री नव्हे, आठवडाभर आधी करावी. टायर बदलायचा झाल्यास वेळ हाताशी राहतो.
- हवा टायर थंड असताना मोजावी. 'तीस-तीस भर' असे सांगण्याऐवजी चालकाच्या दाराच्या चौकटीवरील स्टिकर पाहावा. बहुतेक गाड्यांत पूर्ण भारासाठी वेगळा, जास्त आकडा दिलेला असतो.
- प्रवासात तापलेल्या टायरमधील हवा कमी करू नये. थंड झाल्यावर ती गरजेपेक्षा कमी भरते.
- बाजूच्या भिंतीवर फुगवटा, चीर किंवा पंक्चर असेल, तर दुरुस्तीच्या भरीस न पडता टायर बदलावा.
- नायट्रोजन भरला तरी हवा तपासणे चुकत नाही. साध्या हवेतही सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो.
- स्टेपनीतील हवा, जॅक आणि पाना पाहून घ्यावा. २०२० सालच्या नियमदुरुस्तीनंतर काही नव्या गाड्यांत स्टेपनीऐवजी दुरुस्तीचे किट असते. ते वापरायचे कसे, हे घरीच शिकावे.
- वाटेत दर दोन तासांनी थांबावे. एखादा टायर इतरांपेक्षा खूपच गरम लागला, तर त्यातली हवा गेली असण्याची शक्यता असते.

आणि टायर फुटलाच तर? ब्रेकवर जोराने पाय देऊ नये. स्टीअरिंग दोन्ही हातांनी घट्ट व सरळ धरावे, अॅक्सिलरेटर हळूहळू सोडावा आणि गाडी मंदावल्यावर डावीकडे घ्यावी. धोक्याचे दिवे लावून सर्वांनी कठड्यापलीकडे जावे आणि ११२ क्रमांकावर मदत मागावी. धावत्या वाहनांच्या शेजारी चाक बदलत बसणे, हा टायर फुटण्याइतकाच मोठा धोका आहे.

चार टायरचा खर्च मध्यमवर्गीय कुटुंबाला जड वाटतो, हे खरे. म्हणून तो पुढे ढकलला जातो आणि गाडी कमी फिरल्याचे कारण सोयीचे ठरते. पण टायरवरचे चार अंक वाचायला पैसे लागत नाहीत. गावी जायची तारीख ठरली, की सामानाची यादी करण्याआधी खाली उतरून ते वाचावेत.