गुटगुटीत बाळ आणि बालामृताची बाटली : वऱ्हाडातील एका बाजारपेठेची कथा

विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांतील मराठी मासिके चाळताना जाहिरातींच्या पानांवर एक बाळ वारंवार भेटते. गाल फुगलेले, दंडांना वळ्या पडलेल्या, मुद्रा प्रसन्न. कधी ते मुंबईच्या गिरगावातील के. टी. डोंगरे कंपनीच्या बालामृताचे असते, कधी विलायती मेलिन्स फूडचे, कधी ग्लॅक्सोचे. ‘गुटगुटीत’ हा मराठी शब्द या चित्रासाठीच घडला असावा असे वाटते.

घराघरांतले वास्तव या चित्राच्या अगदी उलट होते. मध्यप्रांत व वऱ्हाडात त्या काळी नोंदल्या गेलेल्या दर चार जन्मांमागे साधारण एक मूल वर्षाच्या आत दगावत असे. मुंबई शहरात १९२१ साली हा आकडा हजारी ६६७ इतका नोंदला गेला. गावी जन्मून शहरात आणलेल्या मुलांमुळे तो काहीसा फुगलेला आहे, हे मान्य केले तरी उरते ते भयंकरच. पहिले मूल गेले, दुसरे किरकिरते आहे, अशा घरात ते चित्र पोचत होते. जाहिरातदाराला भीती निर्माण करावी लागली नाही. ती घरात आधीच होती.

वऱ्हाडातील मानोरा हे तेव्हा मंगरूळपीर तालुक्यातील एक गाव. वाशीम जिल्हा १९०५ साली मोडला आणि हा तालुका अकोल्यास जोडला गेला. अशा गावापर्यंत गिरगावची बाटली पोचावी कशी? उत्तर तीन गोष्टींत आहे : कापूस, रेल्वे आणि टपाल.

अमेरिकन यादवी युद्धाच्या काळापासून वऱ्हाडच्या कापसाला परदेशी गिऱ्हाईक मिळाले. १८७० मध्ये खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा गेला. पुढे मुर्तिजापूर–यवतमाळ ही अरुंद रुळांची गाडी कारंजा आणि दारव्ह्यावरून धावू लागली. कापूस विकला की वर्षातून एकदा हातात रोकड येई. बाटली विकत घ्यायची ती याच दिवसांत.

टपालखात्याची व्ही. पी. पद्धत १८७७ साली सुरू झाली आणि तिने औषधांच्या व्यापाराचे रूपच पालटले. एक कार्ड टाकावे, पोस्टमनने पार्सल आणावे, पैसे तेथेच मोजावेत आणि ते टपालखात्याने कारखानदाराकडे पोचवावेत. मधला दुकानदार नको, ओळख नको, आगाऊ रक्कमही नको. ना वैद्य, ना दवाखाना, अशा खेड्यातला माणूस मुंबईच्या कारखान्याचा थेट गिऱ्हाईक झाला. जाहिरातीच्या मजकुराइतकेच श्रेय या सरकारी सोयीला दिले पाहिजे.

आता जाहिरात कोणासाठी होती ते पाहावे. १९११ च्या जनगणनेत हिंदुस्थानातील शंभर स्त्रियांमागे जेमतेम एक साक्षर होती. म्हणजे बाळाच्या दुधाविषयी लिहिलेला मजकूर वाचत होता पटवारी, शाळामास्तर, जिनिंगमधला कारकून. कार्ड तोच टाकणार, पैसे तोच मोजणार. मजकूर कुटुंबप्रमुखाच्या कर्तव्याला हात घाली. मूल प्रत्यक्ष सांभाळणाऱ्या बाईशी तो बोलतच नव्हता.

तिच्याजवळ बाळघुटी होती. सहाणेवर मुरुडशेंग, वेखंड, हिरडा, जायफळ, सुंठ, खारीक, बदाम उगाळायचे. कशाचे किती वेढे द्यायचे ते बाळाचे वय, पोट आणि ऋतू पाहून ठरवायचे. हे ज्ञान सासूकडून सुनेकडे जाई आणि त्याला किंमत पडत नसे. घुटी निर्दोष होती असे मुळीच नाही; सहाण आणि पाणी अस्वच्छ असेल तर तीही घातक. परंतु तिच्यात काय आहे हे देणारीला ठाऊक असे. बाटलीच्या बाबतीत घटक हे कारखान्याचे गुपित आणि मात्रा छापील कागदावर.

‘बालामृत’ या नावात मात्र विलक्षण चातुर्य आहे. बाळ आणि अमृत हे दोन्ही शब्द निरक्षर घरालाही कळणारे. स्वदेशीच्या चळवळीनंतर देशी नावाला आणखी वजन आले. डोंगऱ्यांचे बालामृत मराठी मुलखापुरते राहिले नाही; हिंदी नियतकालिकांतही त्याच्या जाहिराती आल्या.

विलायती मालाची कुळकथा वेगळी. लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने आणि स्वित्झर्लंडमध्ये हेन्री नेस्ले याने १८६० च्या दशकात बालान्न तयार केले. नेस्ले कंपनीचा हिंदुस्थानातील व्यवहार १९१२ चा. ग्लॅक्सोचे बालान्न विकण्यासाठी एच. जे. फॉस्टर ही कंपनी १९२४ मध्ये स्थापन झाली. ज्या बाळाची आई बाळंतपणात गेली त्याला या डब्यांचा आधार होऊ शकत असे, हे नाकारता येत नाही. अडचण होती ती पाण्याची आणि किमतीची. भुकटी कालवायची ती विहिरीच्या न उकळलेल्या पाण्यात, आणि महाग डबा पुरवायचा म्हणून पातळ करून.

ग्राइप वॉटरचा प्रकार अधिक बोलका आहे. इंग्लंडमधील नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्डने ते १८५१ मध्ये काढले : शेपूचे तेल, सोडा, साखर आणि थोडे मद्य. व्यापारचिन्हावर दोन सर्पांचे गळे आवळणारे बाळ. ते ग्रीक पुराणातील हेराक्लीस; पण कालियामर्दनाच्या कथा ऐकणाऱ्या घरात त्याला कोण म्हटले जाणार, हे सांगायला नको. कंपनीनेही पुढे संकोच ठेवला नाही; तिच्या कॅलेंडरांवर साक्षात बाळकृष्ण आला. डबा परका राहिला, ग्राइप वॉटर घरचे झाले.

मद्याचा तो अंश ऐकून नाक मुरडण्यापूर्वी बाळगोळी आठवावी. अफूची ही बारीक गोळी दिली की मूल तासन्‌तास निजे आणि आई कामाला मोकळी होई. १९२२ मध्ये मुंबईतील कामगार स्त्रियांची पाहणी करणाऱ्या डॉ. बार्न्स यांना त्यांच्या ९८ टक्के अर्भकांना अफू दिली जात असल्याचे आढळले. या बाया निर्दय नव्हत्या. दिवसभर गिरणीत उभे राहायचे तर मूल सांभाळणार कोण? सुखवस्तू घरात रडे थांबवायला बाटली आली, गरिबाघरी गोळी राहिली. गोळीची जाहिरात कोणी करीत नव्हते, एवढाच काय तो भेद.

१९२४ पासून ‘बेबी वीक’ भरू लागले. स्वच्छतेची व्याख्याने होत, दाया शिकवल्या जात. हे काम मोलाचे होते. मात्र लोकांच्या लक्षात राहिली ती बाळांची स्पर्धा. वजनकाट्यावर जड भरलेल्या मुलाला बक्षीस मिळे आणि जाहिरातीतले ते चित्र सरकारी मांडवात मानाने बसे. हिवताप, हगवण आणि आईचे अपुरे अन्न यांचे चित्र काढून कोणी कॅलेंडर छापले नाही.

गुप्त औषधांवर अंकुश यायला वेळ लागला. कर्नल चोप्रा यांच्या समितीने १९३०–३१ मध्ये औषधांच्या बाजाराची चौकशी केली. कायदा झाला १९४० मध्ये. १९३९ साली सिंगापूरमध्ये डॉ. सिसिली विल्यम्स यांनी गोड आटीव दूध अर्भकांना पाजण्याच्या प्रचाराला भर सभेत खून म्हटले. भारतात बालदुग्धपर्यायांच्या जाहिरातीवर बंदी येण्यास १९९२ उजाडले. त्या कायद्याने डब्यावर बाळाचे किंवा स्त्रीचे चित्र छापण्यासही मनाई केली. ग्राइप वॉटर आणि बाळांची टॉनिके दुधाचे पर्याय ठरत नसल्याने त्यांना ती मनाई लागू झाली नाही. गुटगुटीत बाळ डब्यावरून उतरले. बाटलीवर ते अजून आहे.