शेंगदाणा आणि शिशुआहार

शेंगदाणा, अंडे, दूध, गहू, तीळ, काजू, मासे अशा पदार्थांतील प्रथिनांना शरीराची प्रतिकारयंत्रणा शत्रू मानते, तेव्हा अन्नाची ॲलर्जी होते. बाळाला हे पदार्थ केव्हा द्यावेत, याबाबतचा वैद्यकीय सल्ला गेल्या पाव शतकात पुरता उलटला आहे. कुटुंबात ॲलर्जी असेल तर तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा टाळा, असे ब्रिटनमध्ये १९९८ साली व अमेरिकेत २००० साली सांगितले गेले. हेतू चांगला होता. आधार मात्र तर्काचा होता, प्रयोगाचा नव्हता. २००८ साली लंडनच्या गिडियन लॅक व सहकाऱ्यांनी ब्रिटन आणि इस्रायलमधील ज्यू मुलांची तुलना केली. वंश एकच, पण शेंगदाण्याची ॲलर्जी ब्रिटनमध्ये १.८५ टक्के आणि इस्रायलमध्ये ०.१७ टक्के. इस्रायलमध्ये बाळे पहिल्या वर्षातच शेंगदाण्याचा कुरकुरीत खाऊ खातात.

तुलनेवरून कारण सिद्ध होत नाही, म्हणून लॅक यांनी प्रयोग केला. तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली, चार ते अकरा महिन्यांची ६४० बाळे निवडून निम्म्यांना आठवड्याला किमान सहा ग्रॅम शेंगदाणा-प्रथिन दिले, बाकीच्यांना शेंगदाणा वर्ज्य केला. २०१५ साली निष्कर्ष आले : पाचव्या वर्षी वर्ज्य गटातील १७.२ टक्के मुलांना ॲलर्जी होती, खाणाऱ्यांपैकी ३.२ टक्क्यांना. याचे संभाव्य कारण असे, की इसबाने भेगाळलेल्या त्वचेतून आत गेलेले प्रथिन शरीराला परके वाटते, तर आतड्यातून आलेले शरीर सहन करायला शिकते. घरात शेंगदाणा असतोच. बाळाच्या तोंडी तो लागला नाही, तरी त्वचेला लागतो. म्हणजे टाळण्याने संरक्षण तर मिळत नाहीच, उलट सवयीची संधी हुकते.

यावर रास्त आक्षेप असा, की पहिल्याच घासाला जीवघेणी प्रतिक्रिया आली तर? ही भीती खोटी नाही. म्हणूनच तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या बाळाची आधी डॉक्टरांकडून तपासणी व्हावी, असे अमेरिकेतील २०१७ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. पण थांबल्याने हा धोका टळत नाही, फक्त पुढे जातो. जपानमध्ये इसब असलेल्या बाळांवर आधी त्वचेचे उपचार करून सहाव्या महिन्यापासून शिजवलेल्या अंड्याची पूड अगदी थोडी थोडी दिली, तेव्हा वर्षाच्या वयात ८ टक्के मुलांना अंड्याची ॲलर्जी आढळली. न दिलेल्यांत ३८ टक्के. लवकर अन्न दिले तर स्तनपान मागे पडेल, ही शंकाही घेतली जाते. पण वरचे अन्न सुरू झाल्यावरही स्तनपान चालूच ठेवायचे असते.

महाराष्ट्रातील स्वयंपाकघरात दाण्याचा कूट असतोच, त्यामुळे वेगळे काही विकत आणावे लागत नाही. अख्खा किंवा भरड दाणा मात्र घशात अडकतो. पाच वर्षांखालील मुलांना तो देऊ नये. भाजून अगदी बारीक वाटलेला कूट मऊ भातात किंवा नाचणीच्या खिरीत पातळ कालवावा. बाळ बरे असताना, दिवसा, चमच्याच्या टोकावर सुरुवात करून थोडे थांबावे. एका वेळी एकच नवा पदार्थ द्यावा. पचला तर आठवड्यातून दोन-तीनदा नियमाने चालू ठेवावा, कारण एकदा चाखवून सोडून देण्याने हे संरक्षण मिळते असे दिसलेले नाही. अंगावर गांधी उठल्या किंवा ओठ सुजले तर तो पदार्थ थांबवून डॉक्टरांना दाखवावे. घरघर, धाप, वारंवार उलट्या किंवा अंग ढिले पडणे दिसले, तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे. तेथे ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन हाच पहिला उपचार आहे.