मोज्याच्या पोटातला जोडा

भिलाईच्या नेहरू नगरात मावशीकडे डिसेंबरात गेलं की सकाळचा चहा शब्दकोड्यासोबतच होतो. उंबऱ्याबाहेर सगळी हिंदी, कोडं मात्र मराठी. यंदा मीच एक रचून घातलं : ‘हुकूम केला तर नग, थंडी पडली तर पाय. दोन अक्षरं.’ मावशीने स्वतःच्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाली, “मोजा!”

हा श्लेष जमतो तो आपल्या ‘ज’मुळे. मोजणे आणि मोजा, दोन्हींत तो दातांपाशी उच्चारायचा. बाहेरचा दुकानदार ‘जीवन’मधला ‘ज’ लावून मोजा विकतो. मराठी उच्चार मूळ फारसी ‘मोझा’च्या जास्त जवळचा, तोही विनासायास.

पण फारसीत मोझा म्हणजे बूट. घोडेस्वाराचा, चामड्याचा. कातड्याचा हा जोडा सुताचा कसा झाला, याचा एक दुवा उर्दूत अजून शिल्लक आहे. नमाजाआधीच्या वजूत पाय न धुता ज्यांवरून ओला हात फिरवायची मुभा असते, ती चामडी पायवेष्टनं म्हणजेही ‘मोजे’च. जोड्याच्या आत घालायचा मऊ जोडा! तिथूनच नाव कापडाकडे घसरलं असावं.

त्याहून गंमत म्हणजे हा शब्द आपल्याकडे दोनदा आला. फारसीच्या आधीच्या पहलवी भाषेत त्यात ‘च’सारखा उच्चार होता. तो घेऊन आधीच कुणी इकडे पोचलं होतं. संस्कृत कोशांत ‘मोचिक’ म्हणजे चर्मकार, आणि त्याचाच आपला मोची. म्हणजे चौकात बसून बूट शिवणारा आणि त्या बुटातला मोजा, दोघं सख्खे चुलतभाऊ. मोजडीही त्याच गोतातली.

इंग्रजी सॉक्सचीही कुंडली अशीच निघते. लॅटिन ‘सोकस’ म्हणजे रोमन प्रहसनातले नट घालायचे ती सपाट, हलकी चप्पल. भिलाईला आणखी एक पाहुणा शब्द जवळचा असायला हवा होता. १९५५ च्या करारानंतर पोलाद कारखाना उभारायला सोव्हिएत तंत्रज्ञ आले, १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी पेटली. त्यांच्या भाषेत मोजे म्हणजे ‘नास्की’. मूळ शब्द ‘नोस’, म्हणजे नाक. जोड्याचं पुढचं टोक ते नाक, आणि त्यावरून मोजा.

होजिअरीचं गणित वेगळं. ‘होज’ म्हणजे पाय झाकणारं वस्त्र. जर्मनमध्ये त्याच शब्दाने विजार होते. १५८९ च्या सुमाराला विल्यम ली या इंग्रजाने मोजे विणायचं यंत्र केलं. पुढे यंत्राने विणलेलं बाकीचं कापडही त्याच नावाखाली गेलं. म्हणून तर होजिअरीच्या दुकानात मोज्यांपेक्षा बनियनच जास्त. बनियन म्हणजे वाण्याचा अंगरखा, युरोपी जिभेवरून फिरून आलेला. आणि आपला गंजीफ्रॉक? गर्न्सी बेटावरच्या कोळ्यांचा लोकरी सदरा. एवढी जाड लोकर आपल्या घामट उकाड्यात येऊन बिनबाह्यांची जाळी झाली!

मावशीला हे सगळं सांगितल्यावर तिने चष्मा पुसला आणि उलट मलाच कोडं घातलं : ‘घोडेस्वाराचा बूट मनगटावर चढला. चार अक्षरं.’

हातमोजा. चहा गार झाल्यावर मला सुचलं.