सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या जीवन-गुणवत्तेचे मापन

सेरेब्रल पाल्सी (मेंदूचा पक्षाघात) असलेल्या मुलांच्या जीवन-गुणवत्तेचे मापन म्हणजे या मुलांना व किशोरांना स्वतःचे आयुष्य कसे वाटते, याची प्रमाणित प्रश्नावलींच्या साहाय्याने केलेली पद्धतशीर नोंद होय. मूल किती पावले चालते, त्याचे स्नायू किती ताठ आहेत, हे तपासणीतून कळते. ते आनंदी आहे का, त्याला मित्र आहेत का, त्याचे अंग दुखते का, हे मात्र विचारल्याखेरीज कळत नाही. बालरोगशास्त्र, अस्थिशल्यचिकित्सा, भौतिकोपचार, मानसशास्त्र आणि विशेष शिक्षण या क्षेत्रांत अशा मापनाचा उपयोग केला जातो.

पार्श्वभूमी

गर्भावस्थेत, जन्माच्या वेळी किंवा बाल्याच्या प्रारंभी वाढत्या मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर व शरीराच्या ठेवणीवर जे कायमस्वरूपी परिणाम होतात, त्यांना एकत्रितपणे सेरेब्रल पाल्सी म्हणतात. मेंदूतील इजा वाढत जात नाही, तरी तिचे परिणाम आयुष्यभर राहतात. दर हजार जिवंत जन्मांमागे साधारणतः दोन ते तीन बालकांत ही अवस्था आढळते. अनेक मुलांना तिच्या जोडीने अपस्मार, बौद्धिक अक्षमता, बोलण्यातील, गिळण्यातील, दृष्टीतील किंवा श्रवणातील अडचणीही असतात.

उपचारांचे यश पूर्वी प्रामुख्याने हालचालींवरून जोखले जाई. १९९७ मध्ये रॉबर्ट पॅलिसानो व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थूल हालचालींच्या क्षमतेचे पाच स्तरांत वर्गीकरण करणारी पद्धती मांडली. तिला संक्षेपाने 'जीएमएफसीएस' म्हणतात. पहिल्या स्तरावरील मूल आधाराविना चालते. पाचव्या स्तरावरील मुलाला मान व धड सावरण्यासाठीही आधार लागतो. ही पद्धती जगभर रूढ झाली. मात्र ती मुलाची क्षमता सांगते, त्याचे समाधान सांगत नाही. या दोहोंतील फरक ध्यानात आल्यावर जीवन-गुणवत्तेच्या स्वतंत्र मापनाची गरज पुढे आली.

संकल्पना

जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार, आपण ज्या संस्कृतीत व मूल्यव्यवस्थेत राहतो तिच्या संदर्भात आणि आपली ध्येये, अपेक्षा, मापदंड व चिंता यांच्या अनुषंगाने व्यक्तीला आपल्या जीवनातील स्थानाची होणारी जाणीव म्हणजे जीवन-गुणवत्ता. या व्याख्येत 'जाणीव' हा शब्द कळीचा आहे. मराठीत यासाठी पुष्कळदा 'जीवनमान' हा शब्द वापरला जातो. परंतु त्यातून उत्पन्न, घर व सोयीसुविधा यांचा, म्हणजेच राहणीमानाचा बोध होतो. जीवन-गुणवत्ता ही त्याहून व्यापक आणि व्यक्तिनिष्ठ कल्पना आहे.

कार्यक्षमता, सहभाग आणि जीवन-गुणवत्ता या तीन बाबीही वेगवेगळ्या मानल्या जातात. 'मूल जिना चढू शकते का' हा कार्यक्षमतेचा प्रश्न आहे. 'ते वरच्या मजल्यावरील वर्गात इतरांबरोबर बसते का' हा सहभागाचा प्रश्न आहे. 'शाळेतील आपल्या दिवसाबद्दल त्याला काय वाटते' हा जीवन-गुणवत्तेचा प्रश्न आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असले म्हणून तिसऱ्याचेही तसेच असेल, असे गृहीत धरता येत नाही.

प्रमुख साधने

मापनाची साधने दोन प्रकारची आहेत. सर्वसाधारण साधने सर्व मुलांसाठी असतात, त्यामुळे इतर मुलांशी तुलना शक्य होते. विशिष्ट साधने केवळ सेरेब्रल पाल्सीसाठी रचलेली असतात आणि त्यांत वेदना, उपकरणे, उपचारसेवा अशा बाबींना स्थान असते.

पेड्सक्यूएल : अमेरिकेतील जेम्स वार्नी यांनी विकसित केलेली प्रश्नावली. तिच्या सर्वसाधारण आवृत्तीत शारीरिक, भावनिक, सामाजिक व शालेय अशा चार विभागांत मिळून २३ प्रश्न आहेत. प्रत्येक उत्तराचे ० ते १०० या श्रेणीत रूपांतर केले जाते. गुण जितके अधिक, तितकी गुणवत्ता चांगली. पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी हसऱ्या व रडक्या चेहऱ्यांची चित्रे वापरतात. सेरेब्रल पाल्सीसाठी तिचा ३५ प्रश्नांचा स्वतंत्र भाग २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दैनंदिन कामे, शालेय कामे, हालचाल व तोल, वेदना, थकवा, खाणे-पिणे आणि बोलणे व संवाद हे विभाग आहेत.

किडस्क्रीन : युरोपातील अनेक देशांनी मिळून ८ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी तयार केलेले सर्वसाधारण साधन. त्याच्या ५२, २७ व १० प्रश्नांच्या आवृत्त्या आहेत.

सीपी क्यूओएल-चाइल्ड : ऑस्ट्रेलियात विकसित झालेले हे विशिष्ट साधन २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. ४ ते १२ वर्षांच्या मुलांविषयी पालक उत्तरे देतात, तर ९ ते १२ वर्षांची मुले स्वतःही उत्तरे देऊ शकतात. 'तुमच्या मुलाला अमुक करता येते का' असे न विचारता 'त्याबद्दल त्याला काय वाटते' असे विचारणे, हे याचे वैशिष्ट्य होय. किशोरांसाठी याची स्वतंत्र आवृत्ती आहे.

सीपीचाइल्ड : कॅनडातील टोरांटो येथे तयार झालेले हे साधन चालू न शकणाऱ्या, तीव्र स्वरूपाची सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी आहे. उत्तरे काळजीवाहक देतात. अंगावरचे कपडे बदलणे, बसवणे, उचलून दुसरीकडे नेणे, भरवणे, झोप, संवाद अशा नित्याच्या बाबींवर त्याचा भर असतो.

उत्तर कोणी द्यायचे?

या क्षेत्रातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न साक्षीदाराचा आहे. जीवन-गुणवत्ता व्यक्तिनिष्ठ असल्यामुळे जेथे शक्य असेल तेथे मुलानेच उत्तर द्यावे, हे तत्त्व आता सर्वमान्य आहे. बोलता न येणारी अनेक मुले नजरेने, बोटाने वा चित्रफलकाच्या साहाय्याने स्पष्ट उत्तरे देतात. बोलता न येणे म्हणजे न समजणे नव्हे. हा भेद विसरल्यास समजणाऱ्या मुलाची साक्ष नाहक गमावली जाते.

पालकांची साक्ष मूल्यवान असली तरी ती मुलाच्या साक्षीची तंतोतंत प्रतिकृती नसते. युरोपातील 'स्पार्कल' या अभ्यासात किडस्क्रीनच्या दहांपैकी आठ विभागांत पालकांनी मुलांपेक्षा कमी गुण दिले, भावनांच्या विभागात दोघांचे गुण सारखे होते, तर घरच्या आर्थिक स्थितीविषयीच्या विभागात पालकांचे गुण अधिक होते. पालकत्वाचा ताण जितका अधिक, तितके पालकांचे मूल्यमापन खाली येण्याचा कलही त्यात दिसला. म्हणून दोन्ही उत्तरे स्वतंत्रपणे घेऊन शेजारी शेजारी ठेवणे हितावह मानले जाते.

स्पार्कल अभ्यासाचे निष्कर्ष

सात युरोपीय देशांतील ८ ते १२ वर्षांच्या ८१८ मुलांचा या अभ्यासात समावेश होता. त्यांपैकी ५०० मुलांनी स्वतः उत्तरे दिली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार बहुतेक विभागांत या मुलांची जीवन-गुणवत्ता त्याच वयाच्या इतर मुलांसारखीच होती. शालेय जीवनाबाबत निष्कर्ष निःसंदिग्ध नव्हता आणि शारीरिक स्वास्थ्याबाबत तुलना करता आली नाही. वेदना असलेल्या मुलांचे गुण मात्र सर्वच विभागांत कमी होते.

हीच मुले किशोरवयात आल्यावर त्यांची पुन्हा पाहणी झाली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या टप्प्यात समवयस्कांचा सहवास व सामाजिक आधार या एकाच विभागात त्यांचे गुण इतर किशोरांपेक्षा निश्चितपणे कमी आढळले. बालपणीची वेदना आणि पालकांवरील ताण यांचा परिणाम किशोरवयातही जाणवत होता. वेदना, पालकांवरील ताण व एकटेपणा या तिन्ही बाबींवर उपाय करता येतात, हे या निष्कर्षांचे व्यावहारिक महत्त्व आहे.

भाषांतर व सांस्कृतिक अनुकूलन

एका भाषेतील प्रश्नावली दुसऱ्या भाषेत नेताना केवळ शब्दांतर पुरत नाही. प्रथम दोन स्वतंत्र भाषांतरे, त्यांचे एकत्रीकरण, मूळ भाषेत उलट भाषांतर आणि शेवटी मुलांना व पालकांना प्रश्न वाचून दाखवून त्यांना काय समजले याची खातरजमा, असा क्रम सामान्यतः पाळला जातो. मराठी बोलणाऱ्या घरांत मुलाचा सांभाळ अनेकदा आजी-आजोबाही करतात; तेथे 'मुख्य काळजीवाहक' कोण, हेही ठरवावे लागते. चाकाची खुर्ची, स्वतंत्र खोली वा एकट्याने बाहेर जाणे यांविषयीचे प्रश्न प्रत्येक वस्तीत सारखेच लागू पडत नाहीत.

उपयोग

शस्त्रक्रिया, स्नायूंचा ताठरपणा कमी करणारी इंजेक्शने किंवा जठरनलिकेद्वारे आहार देणे अशा उपचारांपूर्वी व नंतर मापन करून त्यांचा मुलाला प्रत्यक्ष काय लाभ झाला, हे पाहता येते. सांध्याचा कोन सुधारला, पण वेदना व झोप यांत फरक पडला नाही, असे आढळल्यास उपचाराचा फेरविचार करता येतो.

भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत सेरेब्रल पाल्सीचा समावेश आहे. या कायद्याखालील प्रमाणपत्रावर दिव्यांगत्वाचे प्रमाण टक्क्यांत नोंदवले जाते. ते सवलतींच्या पात्रतेसाठी आवश्यक आहे. मात्र त्यावरून जीवन-गुणवत्तेचा अंदाज बांधणे चुकीचे ठरते.

मर्यादा

तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांबाबत काळजीवाहकांच्या उत्तरांवरच विसंबावे लागते. काही प्रश्नावलींत क्षमता व समाधान यांची सरमिसळ आहे. त्यामुळे चालू न शकणारे पण समाधानी मूल कमी गुण मिळवते. वेगवेगळ्या साधनांच्या गुणांची परस्परांशी थेट तुलना करता येत नाही. कमी गुण म्हणजे कमी मोलाचे आयुष्य, असाही अर्थ काढता येत नाही. कोठे मदत हवी आहे, एवढेच ते गुण दर्शवतात.

हेही पहा

सेरेब्रल पाल्सी
भौतिकोपचार
विशेष शिक्षण
दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६