शेतमालाचा भाव आणि कॅथलिक चर्च : पोपच्या पत्रापासून विदर्भाच्या पाणलोटापर्यंत

नागपूर : शहरातल्या गरिबाला अन्न स्वस्त मिळालेच पाहिजे. पण त्या स्वस्ताईचा भार शेतकऱ्यानेच का उचलावा? काटोल, सावनेर, उमरेडच्या बाजारात माल विकून परतणारा प्रत्येक जण हा प्रश्न विचारतो. कॅथलिक चर्चने हाच प्रश्न १९६१ साली जगापुढे लेखी मांडला होता. त्यांची मागणी काय आहे आणि महाराष्ट्रात त्यातून काय घडले, त्याची ही माहिती.

१९६१ च्या पत्रात काय आहे?

पोप जॉन तेविसावे हे इटलीतल्या गरीब शेतकरी कुटुंबातले. १५ मे १९६१ ला त्यांनी ‘मातेर एत माजिस्त्रा’ हे जाहीर पत्र काढले. त्याचा एक मोठा भाग फक्त शेतीवर आहे. त्यातल्या मुख्य गोष्टी अशा :

- गावात रस्ते, पिण्याचे पाणी, दवाखाना, शाळा शहरासारख्याच हव्यात.
- शेतीचे उत्पन्न उशिरा येते आणि त्यात जोखीम जास्त असते. कर लावताना याचा विचार व्हावा.
- शेतकऱ्याला परवडेल अशा व्याजाने कर्ज मिळावे.
- विमा दोन प्रकारचा हवा, एक पिकाचा आणि दुसरा शेतकरी कुटुंबाचा.
- शेतमालाच्या भावाला संरक्षण हवे.
- शेतकऱ्यांनी सहकारी संस्था आणि संघटना स्वतः उभ्या कराव्यात.

भावाबद्दलचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. अन्न ही सगळ्यांची गरज आहे, म्हणून ते सगळ्यांना परवडले पाहिजे, हे पत्रात मान्य केले आहे. मात्र हेच कारण पुढे करून शेतीत राबणाऱ्यांना कायमचे खालच्या पायरीवर ठेवता येणार नाही, असेही त्यात स्पष्ट म्हटले आहे.

आपल्याकडे याचा अर्थ काय?

८ डिसेंबर २०२३ ला केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. ती मे २०२४ मध्ये उठली. ग्राहकाला कांदा स्वस्त मिळावा म्हणून हा निर्णय होता, त्याचा फटका कांदा उत्पादकाला बसला. कापसाचेही तसेच. आयात कापसावर ११ टक्के शुल्क होते. १९ ऑगस्ट २०२५ पासून ते वर्षअखेरपर्यंत माफ झाले. सूतगिरण्यांना कच्चा माल स्वस्त मिळाला. पण नेमका त्याच काळात विदर्भाचा कापूस बाजारात येतो. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव त्या हंगामात ८,११० रुपये होता.

हमीभाव कोणत्या खर्चावर धरतात हेही माहीत असावे. बी-खत-मजुरीचा रोख खर्च आणि घरच्या माणसांची मजुरी मिळून ‘ए-२ अधिक एफएल’ होते. स्वतःच्या जमिनीचे भाडे आणि भांडवलाचे व्याज त्यात मिळवले की ‘सी-२’ होते. सरकार पहिल्या खर्चाच्या दीडपट भाव धरते. शेतकरी संघटना स्वामिनाथन आयोगाचा दाखला देऊन सी-२ च्या दीडपट मागतात.

महाराष्ट्रात काम कोणी केले?

सगळ्यात ठळक नाव फादर हर्मन बाखर यांचे. हे स्विस जेसुइट धर्मगुरू १९४८ मध्ये भारतात आले. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यात त्यांनी आयुष्याची अनेक दशके घालवली. दुष्काळात नुसते धान्य वाटून गाव उभे राहत नाही, पाऊस शिवारातच अडवला पाहिजे, या विचारातून भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम उभा राहिला. त्यात नाबार्ड सहभागी होते, पैसा जर्मन सरकारचा होता. १९९३ साली बाखर आणि फादर क्रिस्पिनो लोबो यांनी गावांना तयार करण्यासाठी ‘वॉटर’ ही संस्था काढली.

कामाची रीत साधी पण कडक होती. गावाने आधी श्रमदान करायचे, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळायची. सुरुवातीला शिवाराच्या लहान भागात काम करून दाखवायचे, ते जमले तरच पुढचा पैसा मिळायचा. प्रत्येक वावरात जाऊन, घरच्या बाईलाही सोबत घेऊन, धुऱ्याचे आणि बांधाचे नियोजन व्हायचे. काम माथ्यापासून पायथ्यापर्यंत चालायचे. पाणलोटात ज्याचे वावर आले तो कामात आला, त्याचा धर्म कोणता हा प्रश्नच नव्हता.

हे काम धोरणात कसे आले?

गावांत झालेले काम पाहून केंद्राने १९९९-२००० च्या अर्थसंकल्पात नाबार्डकडे पाणलोट विकास निधी उभारण्याची घोषणा केली. तो २०० कोटींचा होता. यात अर्धा वाटा नाबार्डचा, अर्धा केंद्राचा.

जुलै २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर त्यांनी सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले. आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतल्या पाणलोट कामांची जबाबदारी नाबार्डच्या याच निधीवर आली. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम, वर्धा हे ते सहा जिल्हे. नागपूर जिल्हा त्या यादीत नव्हता.

दुसरे उदाहरण वसईचे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसई संरक्षण समितीतून बागायती जमीन आणि पाणी वाचवण्यासाठी बिल्डरांविरुद्ध लढा उभारला. २०२० साली ते धाराशिवच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते.

टीकाही होते

मार्च २०२३ मध्ये केरळच्या थलश्शेरीचे आर्चबिशप जोसेफ पॅम्प्लानी यांनी रबराला किलोमागे ३०० रुपये भाव देणाऱ्या पक्षाला मदत करू, अशा अर्थाचे विधान केले. धर्मगुरूंनी मतांची भाषा करावी का, यावर मोठा वाद झाला. भावाची मागणी रास्त असली तरी ती कोण आणि कशी मांडतो, याला महत्त्व असते.

नागपूरचा संबंध

नागपूर धर्मप्रांत १८८७ साली झाला, १९५३ मध्ये तो आर्चडायोसिस झाला. अमरावती आणि औरंगाबाद धर्मप्रांत त्याच्याच कक्षेत येतात. म्हणजे कापसाचा आणि कोरडवाहू शेतीचा मोठा पट्टा यात आहे. १९६२ साली स्थापन झालेली कारितास इंडिया ही संस्था धर्मप्रांतांच्या समाजसेवा संस्थांमार्फत गावांत काम करते.

गावाने काय घ्यावे?

जिथे भूजलाचा उपसा भरण्यापेक्षा जास्त आहे, तिथे नवीन बोअर मारून संत्रा बाग किती दिवस टिकणार? बाखर यांच्या गावांनी आधी काम केले, मग निधी मागितला, आणि शेवटी ती रीतच धोरण झाली. ग्रामसभेत पाणलोटाचा ठराव घेताना गावाने श्रमदान आणि चराईबंदीची तयारी आधी लिहून द्यावी. भावाची मागणी करताना आपल्या पिकाचा एकरी खर्च वहीत मांडलेला असावा. हिशेब हातात असला की अधिकाऱ्यालाही तो नाकारणे अवघड जाते.