कागदावरचा नांगर

आमच्या वरणगावात १९६४ साली उभारलेला दारूगोळ्याचा सरकारी कारखाना आहे. त्यामुळे यंत्रांचे आकर्षण इथल्या पोरांना लहानपणापासूनच. असाच एक मुलगा सध्या यांत्रिक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. परीक्षेसाठी काढलेला कोळप्याचा आराखडा तो परवा मला दाखवायला आला. रेघा सुरेख, मापे बिनचूक. सोबत आलेल्या आजोबांनी कागद निरखून पाहिला आणि विचारले, "भाऊ, हे आपल्या वावरात चालीन का?" मुलगा गप्प!

श्रोतेहो, हा प्रश्न काही नवा नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट पाहा. त्यांचा जन्म १८६९ सालचा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ते चित्रकला शिकायला गेले. पण रंगांतला भेद डोळ्यांना नीट उमगेना. तेव्हा रंग सोडून ते यंत्रांची रेखाटने शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले. पुढे ते बेळगावला आले. आधी सायकलींचे दुकान, मग कडबा कापण्याचे यंत्र, आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर.

लाकडी नांगर माती चिरतो, उलटत नाही. तास पडते, पण हरळीची मुळे खाली शाबूत राहतात. लोखंडी नांगराच्या फाळामागे वळणदार पंखा असतो. कापलेली ढेप त्यावर चढते आणि उताणी पडते. उघडी पडलेली मुळे उन्हात वाळून जातात. इतकी साधी, सोयीची गोष्ट. पण गिऱ्हाईक येईना! लोखंडाने जमिनीला विष भिनते, अशी लोकांची भीती होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली.

त्या शेतकऱ्यांना आपण अडाणी म्हणून हसू नये. प्रयोग फसला तर कारखानदाराला लोखंड पुन्हा वितळवता येते. कुणब्याचा गेलेला हंगाम परत येत नाही. त्याची शंका म्हणजे त्याच्या वर्षभराच्या भाकरीची राखण होती.

लक्ष्मणरावांनी हे ओळखले आणि धीर धरला. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी दिलेल्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. त्यांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत यांत्रिक अभियांत्रिकी शिकून १९२६ साली परतले, तेव्हा त्या कारखान्याला सोळा वर्षे झाली होती. घरात पदवी मागाहून आली. नांगर आधी आला होता.

शिक्षकबंधूंनी एवढे ध्यानात ठेवावे, की आराखड्याला गुण कॉलेजात मिळतात, पण त्याची परीक्षा बांधापलीकडे होते.

त्या मुलाला मी आजोबांबरोबर कपाशीच्या वावरात धाडले. दोन दिवसांनी तो आला, पायांना चिखल तसाच. म्हणाला, "सर, ओली माती पासेला चिकटते. हे मी धरलंच नव्हतं." आणि सुरेख कागदावरची पासेची रेघ त्याने माझ्यासमोर खोडली.