नियम सगळ्यांना सारखा, मग फटका ठरावीक लोकांनाच का?

'शहीद' हा मूळचा अरबी शब्द मराठीतही रुळला आहे. मात्र फेसबुक-इन्स्टाग्राम चालवणाऱ्या मेटाने धोकादायक ठरवलेल्या व्यक्तीसाठी तो वापरला, की ते कौतुक समजून पोस्ट काढली जायची. नियम सर्वांना एकच होता. पण अरबीत या शब्दाचे अर्थ अनेक. हिंसाचारात बळी पडलेल्यांनाही तो लावतात. त्यामुळे निव्वळ बातमी किंवा चर्चा करणाऱ्या पोस्टही उडायच्या आणि फटका प्रामुख्याने अरबी भाषक व मुस्लिम युजर्सना बसायचा. या एका शब्दामुळे सर्वाधिक पोस्ट काढल्या गेल्या असाव्यात, हे मेटानेही मान्य केलं. मार्च २०२४ मध्ये ओव्हरसाइट बोर्डाने ही सरसकट बंदी उठवायला सांगितलं. जुलैमध्ये मेटाने नियम बदलला: आता पोस्टमध्ये हिंसेचे संकेत असतील किंवा दुसरा नियम मोडला असेल, तरच कारवाई.